भाषेचा नकाशा आणि भाषेचे नाव : डच व रुमानियन भाषांच्या निमित्ताने

जगातील भाषांची माहिती देणाऱ्या कोशांत आणि कोष्टकांत एक ठरावीक विधान वारंवार आढळते : अमुक भाषा अमुक इतक्या देशांत बोलली जाते. डच भाषेच्या नावापुढे नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग, दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम आणि कॅरिबियन समुद्रातील सहा बेटे यांची नोंद असते. रुमानियन भाषेच्या नावापुढे रुमानिया, मोल्दोव्हा, सर्बियातील वोय्वोदिना प्रांत, युक्रेनचे काही सीमावर्ती जिल्हे आणि अलीकडच्या काळात इटली, स्पेन, जर्मनी येथील स्थलांतरित असा तपशील येतो. दोन्ही भाषांच्या मातृभाषकांची संख्या ढोबळमानाने अडीच कोटींच्या आसपास आहे. दोन्ही आज युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा आहेत. कोष्टकाच्या दृष्टीने या दोन भाषा जवळजवळ सारख्याच तोलाच्या ठरतात.

अशी विधाने चुकीची नसतात. ती अपुरी असतात. 'बोलली जाते' या एका क्रियापदात कारभाराची भाषा, शाळेची भाषा, घरची भाषा आणि केवळ कागदोपत्री उरलेली भाषा अशा अनेक अवस्था एकत्र कोंबल्या जातात. शिवाय भाषेला कोणत्या नावाने ओळखावे, हे कोणी आणि कशासाठी ठरवले, हा प्रश्न कोष्टकाबाहेरच राहतो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. कारण भाषेच्या नावाबरोबर तिच्या वाचकाला कोणते ग्रंथ 'आपले' म्हणून मिळतात, हेही ठरत असते. भाषेच्या प्रसाराचे आणि नामकरणाचे मूल्यमापन भाषकसंख्येच्या किंवा राज्यसंख्येच्या आधारे न करता, त्या घटनेने भाषकाचे ग्रंथविश्व विस्तारले की आकुंचले, या निकषावर करणे अधिक न्याय्य ठरेल. डच आणि रुमानियन यांचा इतिहास या निकषाची चांगली परीक्षा घेतो.

साम्राज्य पसरले म्हणजे भाषा पसरते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज व फ्रेंच यांच्या उदाहरणांनी ती दृढ झाली आहे. डच भाषेचा इतिहास या समजुतीला छेद देतो. डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ साली झाली आणि १६१९ मध्ये जावा बेटावर बटाव्हियाचा पाया घातला गेला. कंपनीचे लक्ष व्यापारावर होते. द्वीपसमूहातील बंदरांत मलय ही देवघेवीची भाषा आधीपासूनच प्रचलित होती. कंपनीने आणि पुढे डच सरकारने बहुतांशी तिच्याद्वारेच व्यवहार चालवला. डच शिक्षण फार उशिरा आणि फार थोड्यांना मिळाले. परिणामी तीन शतकांहून अधिक काळच्या संबंधानंतरही डच ही तेथील सामान्य जनांची भाषा झाली नाही.

या अल्पसंख्य शिक्षितांतच राष्ट्रीय चळवळीचे नेतृत्व निर्माण झाले, हे विशेष. सुकार्नो आणि हट्टा हे दोघेही डच शिक्षण घेतलेले; हट्टा यांचे उच्च शिक्षण तर रॉटरडॅम येथे झाले. तरीही २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या परिषदेने जी शपथ घेतली, तीत एकतेची भाषा म्हणून 'बहासा इंडोनेशिया' या नव्या नावाने मलय भाषेचा स्वीकार केला गेला. १९४२ मधील जपानी ताब्यानंतर डचचा सार्वजनिक वापर बंद पडला आणि १९४५ च्या राज्यघटनेने इंडोनेशियन ही राज्याची भाषा ठरवली. जावामधील कार्तिनी (१८७९–१९०४) यांची पत्रे १९११ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. इंडोनेशियातील स्त्रीजागृतीचा तो एक आद्य दस्तऐवज. पण तो डचमध्ये लिहिलेला आहे. ज्या देशात कार्तिनींचा जन्मदिन साजरा होतो, त्या देशातील वाचक त्यांचे शब्द अनुवादातून वाचतो. भाषा गेली, परंतु तिच्यात लिहिलेले काही विचारधन अनुवादाच्या वाटेने टिकून राहिले.

श्रीलंकेच्या किनारपट्टीवर १६५८ ते १७९६ या काळात डच कंपनीचा अंमल होता. तेथे डच भाषा उरली नाही. परंतु रोमन-डच कायद्याची परंपरा आजही तेथील विधिव्यवस्थेत आढळते. इंडोनेशियाच्या नागरी कायद्याचा गाभाही डच संहितेतून आलेला आहे. 'कचेरी' या अर्थाचा डच शब्द इंडोनेशियनमध्ये 'कांतोर' आणि सिंहलीत 'कंतोरुव' या रूपाने रुळला. ज्या संस्थेतून सत्ता चालवली गेली, तिचे नाव मागे राहिले. ती चालवणाऱ्यांची भाषा राहिली नाही. कोकणच्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्यालाही सतराव्या शतकात डचांची वखार होती. मराठी कागदपत्रांत त्यांना 'वलंदेज' म्हटले आहे. आणि हा शब्दही डचांकडून आलेला नसून 'हॉलंडचा' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आलेला आहे. वखारीचे अवशेष उरले. भाषेचा मात्र मागमूस उरला नाही. उत्तर अमेरिकेत न्यू यॉर्क परिसरातील डच वसाहत १६६४ साली इंग्रजांच्या हाती गेली, तरी तेथील काही कुटुंबांत डच पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. १७८२ साली जन्मलेले अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांची मातृभाषा डचच होती. म्हणजे सत्ता असताना भाषा रुजली नाही असे एका ठिकाणी घडले, तर सत्ता गेल्यावरही भाषा शतकाहून अधिक काळ जगली असे दुसऱ्या ठिकाणी घडले.

सुरिनामचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. गुलामगिरीचे उच्चाटन १८६३ साली झाले. १८७३ मध्ये 'लाला रुख' या जहाजातून भारतीय करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी तेथे पोहोचली. १९१६ पर्यंत सुमारे ३४,००० भारतीय त्या देशात आले. १८९० पासून जावामधील मजूरही येऊ लागले. १८७६ साली शिक्षण सक्तीचे झाले आणि त्याचे माध्यम डच राहिले. आफ्रिकी, भारतीय, जावानीज अशा भिन्न समाजांची मुले एकाच शाळेत एकाच भाषेत शिकू लागली. १९७५ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा डच हीच एकमेव अधिकृत भाषा म्हणून कायम राहिली आणि आज अर्ध्याहून अधिक लोकसंख्येची ती मातृभाषा मानली जाते. ज्यांच्या पूर्वजांना बेड्यांत किंवा करारात बांधून आणले होते, त्यांनी ती भाषा आपली केली. पारामारिबो येथे जन्मलेल्या कादंबरीकार ॲस्ट्रिड रुमर यांना २०२१ साली डच साहित्याचा सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार जाहीर झाला. सुरिनामच्या लेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. साम्राज्याचा मध्य आणि परिघ यांचे नाते येथे निदान वाङ्मयात उलट फिरू लागले आहे.

परंतु या यशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. भोजपुरी-अवधीच्या मिश्रणातून सुरिनाममध्ये घडलेली सरनामी, तसेच तेथील सर्वांची संपर्कभाषा असलेली स्रानन या भाषांना शाळेने दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले. सरनामीच्या रोमन लेखनपद्धतीला शासकीय मान्यता मिळण्यास १९८६ साल उजाडले. जीत नरैन यांच्यासारख्या कवीने सरनामीत लिहिण्याचा निर्णय घेतला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. अरुबा, कुरासाव आणि बोनेअर या बेटांवर घरात पापियामेंतो आणि कारभारात डच अशी विभागणी आहे. अरुबात २००३ साली आणि नेदरलँड्स अँटिल्समध्ये २००७ साली पापियामेंतोला अधिकृत दर्जा मिळाला. एका भाषेने मोठ्या ग्रंथालयाचे दार उघडून देताना आजीच्या गोष्टींचे दार लावून घेतले असेल, तर त्या प्रसाराला निर्भेळ लाभ म्हणता येत नाही.

प्रसाराकडून नामकरणाकडे वळल्यास बेल्जियमचे उदाहरण प्रथम विचारात घ्यावे लागते. १८३० साली हे राज्य अस्तित्वात आले, तेव्हा लोकसंख्येत डच बोलणाऱ्यांचे आधिक्य असूनही न्यायालय, सैन्य आणि विद्यापीठ यांची भाषा फ्रेंच होती. फ्लँडर्समधील बोलींना 'फ्लेमिश' म्हणून संबोधले जाई आणि ती जणू शेतकऱ्यांची बोली, ज्ञानाची भाषा नव्हे, असे मानले जाई. या अवहेलनेला उत्तर देण्याचे दोन मार्ग होते. हॉलंडच्या प्रमाणभाषेपासून वेगळे राहून स्थानिक बोलीचेच संवर्धन करावे, हा एक मार्ग; कवी गिडो गेझेले (१८३०–१८९९) यांचे पश्चिम फ्लेमिश वळणाचे काव्य त्याची साक्ष देते. दुसरा मार्ग सीमेपलीकडील डचशी एकरूप होण्याचा होता. चळवळीने दुसरा मार्ग निवडला. १८९८ च्या कायद्याने विधिव्यवहारात डचला फ्रेंचची बरोबरी मिळाली, १९३० मध्ये गेंट विद्यापीठ डच माध्यमाचे झाले, १९६०च्या दशकारंभी भाषिक सीमारेषा कायद्याने आखली गेली आणि १९६८ च्या आंदोलनानंतर लोव्हेन विद्यापीठाचीच भाषेच्या आधारे विभागणी झाली. १९७३ साली तेथील डच भाषिकांच्या सांस्कृतिक परिषदेने भाषेचे अधिकृत नाव 'डच' असल्याचे निश्चित केले. १९८० मध्ये नेदरलँड्स व बेल्जियम यांनी करार करून शुद्धलेखन, कोश, व्याकरण आणि साहित्य यांसाठी संयुक्त भाषासंघ स्थापन केला. २००४ पासून सुरिनामही त्याचा सहयोगी सदस्य आहे.

येथे एका समाजाने आपल्या भाषेचे वेगळे नाव स्वेच्छेने बाजूला ठेवले. त्याने फ्लेमिश उच्चार, शब्द किंवा लेखक नाहीसे झाले नाहीत. उलट अँटवर्पमधील विद्यार्थ्याला ॲमस्टरडॅममध्ये छापलेला ग्रंथ परका राहिला नाही. नाव सोडल्याने ग्रंथविश्व वाढले.

दक्षिण आफ्रिकेत याच्या नेमके उलट घडले. १६५२ पासून केपच्या वसाहतीत रुजलेली डच तेथील खोईखोई, आशियातून आणलेले गुलाम आणि युरोपीय वसाहतकार यांच्या संपर्कात बदलत गेली. १८७५ साली पार्ल येथे स्थापन झालेल्या मंडळाने या बोलीला 'आफ्रिकान्स' या नावाने स्वतंत्र भाषा म्हणून उभे करण्याचे कार्य हाती घेतले. १९२५ मध्ये तिला कायदेशीर मान्यता लाभली आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल तिच्यात अवतरले. वेगळ्या नावाबरोबर येथे व्याकरण, नियतकालिके, काव्य, कादंबरी हे सारे निर्माण झाले. त्या अर्थाने हे नामकरण सर्जनशील होते. तथापि श्वेतवर्णीय राष्ट्रवादाने या भाषेचा इतिहास केवळ स्वतःचा म्हणून सांगितला. केपमधील मुस्लिम समाजाने एकोणिसाव्या शतकातच ही भाषा अरबी लिपीत लिहिली होती, ही वस्तुस्थिती दीर्घकाळ मागे टाकली गेली. पुढे तीच भाषा कृष्णवर्णीयांच्या शाळांवर लादण्याचा प्रयत्न झाला आणि १६ जून १९७६ रोजी सोवेटोचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आज आफ्रिकान्सच्या भाषकांत श्वेतेतरांचेच बहुमत आहे, आणि ॲडम स्मॉल (१९३६–२०१६) यांच्यासारख्या कवीने केपच्या श्रमिकांची बोली काव्यात आणून भाषेच्या मालकीचा प्रश्न पुन्हा मांडला. स्वतंत्र नावाने ग्रंथविश्व निर्माण केले, पण त्याच्या दारावर वर्णाचा पहारा बसवला, असे या इतिहासाचे दुहेरी वाचन करावे लागते.

रुमानियन भाषेच्या पाठीशी सागरपार साम्राज्य कधीच नव्हते; साम्राज्यांच्या सीमा मात्र तिच्यावरून अनेकदा फिरल्या. पूर्व युरोपातील स्लाव व हंगेरियन भाषांच्या वेढ्यात टिकून राहिलेली ही लॅटिनोद्भव भाषा. तिचा सर्वांत जुना दिनांकित मजकूर, म्हणजे न्याक्शू या व्यापाऱ्याचे १५२१ सालचे पत्र, सिरिलिक लिपीत आहे. लॅटिन लिपी अधिकृतपणे आली ती १८६०च्या सुमारास. परंतु मोल्दाव्हिया या जुन्या संस्थानाचा प्रूत नदीच्या पूर्वेकडील भाग, म्हणजे बेसाराबिया, १८१२ सालीच रशियाने घेतला होता. त्यामुळे हे परिवर्तन नदीच्या एकाच तीरावर घडले. १९१८ मध्ये बेसाराबिया रुमानियात आला. १९२४ मध्ये सोव्हिएत संघाने द्नेस्तर नदीच्या पूर्वेस 'मोल्दाव्हियन' स्वायत्त प्रजासत्ताक निर्माण केले आणि तेथील भाषा रुमानियनहून निराळी असल्याचे घोषित केले. या चिमुकल्या प्रदेशात लिपी प्रथम सिरिलिक, १९३२ मध्ये लॅटिन आणि १९३८ मध्ये पुन्हा सिरिलिक अशी बदलली. १९४० नंतर बेसाराबियाही सोव्हिएत सत्तेखाली गेला आणि तेथेही सिरिलिक लिपी व 'मोल्दोवन' हे भाषानाम यांची सक्ती झाली.

या धोरणाचा वाङ्मयीन परिणाम मननीय आहे. नाव निराळे ठेवले तरी निराळे वाङ्मय निर्माण करता आले नाही. शेवटी मिहाई एमिनेस्कू आणि इयॉन क्रेआंगा या रुमानियन साहित्याच्या मानदंडांनाच 'मोल्दोवन अभिजात लेखक' म्हणून स्वीकारावे लागले. दोघांचा जन्म मोल्दाव्हिया प्रांतात, पण नदीच्या पश्चिमेला झालेला होता. कवी ग्रिगोरे विएरू (१९३५–२००९) यांच्या कविता किशिनाऊमध्ये सिरिलिकमध्ये आणि रुमानियात लॅटिनमध्ये छापल्या गेल्या. एकच कवी आणि एकच शब्द. पण एका तीरावरील शाळकरी मुलाला दुसऱ्या तीरावरील पुस्तक उघडून वाचता येऊ नये, अशी ही योजना होती. बेल्जियममध्ये नावाने जे साधले त्याच्या नेमके विपरीत येथे नावाने आणि लिपीने साधायचे होते.

३१ ऑगस्ट १९८९ रोजी मोल्दोव्हाच्या विधिमंडळाने लॅटिन लिपी परत आणली. १९९१ च्या स्वातंत्र्यघोषणेत भाषेचे नाव 'रुमानियन' असे आले. १९९४ च्या राज्यघटनेत ते पुन्हा 'मोल्दोवन' झाले. शाळेत मात्र विषयाचे नाव रुमानियनच राहिले, आणि कारभारात 'राज्यभाषा' असा सावध शब्दप्रयोग रूढ झाला. आलेक्सेई मातेयेविच यांची जी कविता राष्ट्रगीत म्हणून स्वीकारली गेली, तिचे शीर्षकच 'आमची भाषा' असे आहे. तीत भाषेचे नाव येत नाही. २००३ साली मोल्दोवन-रुमानियन शब्दकोशही प्रसिद्ध झाला. दोन भाषांमधील अंतर दाखवण्यासाठी रचलेला हा कोश त्यांच्या एकत्वाचाच पुरावा म्हणून उपहासाचा विषय झाला. २०१३ मध्ये घटना न्यायालयाने स्वातंत्र्यघोषणेतील नाव ग्राह्य ठरवले आणि मार्च २०२३ मध्ये संसदेने सर्व कायद्यांत 'रुमानियन' हा शब्द घातला. द्नेस्तरपलीकडील विभक्त प्रदेशात मात्र सिरिलिक 'मोल्दोवन' अद्याप कायम आहे. तेथे लॅटिन लिपीतून शिकवणाऱ्या शाळांवर २००४ साली कारवाई झाली, आणि मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २०१२ साली शिक्षणाच्या हक्काचा भंग झाल्याबद्दल रशियाला जबाबदार धरले. लिपीचा प्रश्न हा केवळ तज्ज्ञांचा विषय नसून मुलांच्या दप्तरातील पुस्तकांचा विषय असतो, हे या निवाड्याने अधोरेखित केले.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. २०२४ च्या जनगणनेतही मातृभाषा 'मोल्दोवन' असे सांगणारे लोक 'रुमानियन' सांगणाऱ्यांपेक्षा अधिक होते. भाषकाने दिलेले नाव नाकारण्याचा अधिकार अभ्यासकाला किंवा संसदेला कसा पोहोचतो? या आक्षेपात तथ्य आहे. सक्तीने दिलेले नावही दोन-तीन पिढ्यांच्या वापराने आत्मीय होऊ शकते, आणि त्यामागे गावाची, आजोबांची, प्रदेशाची आठवण असू शकते. तिला अज्ञान ठरवणे उद्धटपणाचे होईल. पण आत्मीय नाव आणि भिंत उभारणारे नाव यांत फरक करता येतो. एखादी व्यक्ती आपल्या भाषेला मोल्दोवन म्हणत असूनही लॅटिन लिपीतील एमिनेस्कू वाचत असेल, तर त्या नावाने तिचे काहीच हिरावलेले नाही. तेच नाव शासन जेव्हा पुस्तक अडवण्यासाठी वापरते, तेव्हाच ते आक्षेपार्ह ठरते. युक्रेनमध्ये २००१ च्या जनगणनेने एकाच भाषेचे भाषक 'रुमानियन' आणि 'मोल्दोवन' अशा दोन रकान्यांत विभागले. तेथील शासनाने २०२३ साली 'मोल्दोवन' हे भाषानाम वापरणे थांबवण्याचा निर्णय घेतला. नाव एक झाले. परंतु त्या भाषेतील शाळा टिकतील की नाही, हा प्रश्न नावाच्या निर्णयाने आपोआप सुटत नाही.

आज रुमानियन भाषेचा नवा प्रदेश कोणत्याच सीमेत मावत नाही. २००७ साली रुमानिया युरोपीय संघात गेल्यानंतर कामाच्या शोधात बाहेर पडलेल्यांची संख्या वाढली. इटलीतील परदेशी नागरिकांत रुमानियन हा सर्वांत मोठा, सुमारे दहा लाखांचा समूह आहे. बांधकामावर, शेतमळ्यांत, वृद्धांच्या शुश्रूषेत गुंतलेल्या या लोकांची भाषा नकाशावर कोणत्याही रंगाने दाखवली जात नाही. त्यांची मुले इटालियन शाळेत शिकतात. ती मुले रुमानियन बोलतील, असे काही काळ तरी गृहीत धरता येईल. ती रुमानियन वाचतील काय, हा खरा प्रश्न आहे.

साहित्याच्या इतिहासलेखनासाठी यातून एक मार्गदर्शक सूत्र हाती लागते. राज्याच्या सीमेवर थांबणारा इतिहास ॲस्ट्रिड रुमर यांना डच साहित्यात पाहुण्या ठरवतो आणि विएरू यांना दोन निरनिराळ्या साहित्यांत विभागतो. केवळ प्रमाणभाषेच्या नावावर विसंबणारा इतिहास सरनामीतील कवीला किंवा केपच्या बोलीतील कवितेला तळटीपेत ढकलतो. वर्गात भाषेचा भौगोलिक विस्तार शिकवताना देशांची यादी पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक प्रदेशापुढे तीन प्रश्न मांडता येतील : ही भाषा येथे कोणत्या संस्थेने आणली, तिचे नाव कोणी ठरवले, आणि येथील वाचकाला तिच्यातून कोणते ग्रंथ मिळाले व कोणते दुरावले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. ते शोधण्याचे काम वाङ्मयाच्या अभ्यासकांनाच करावे लागेल.